वखार म्हणजे नुसतं गोदाम नव्हतं : टोपीकर, आंग्रे आणि कुंपणी सरकार

खाडीकाठचा (धागाकर्ता) | रविवार, रात्री १०.४०

लहानपणी आमच्या गावात वखार म्हणजे लाकडाची वखार. करवतीचा आवाज, भुश्शाचा वास आणि 'तिकडे खेळायला जाऊ नका रे' म्हणून बाबांचं ओरडणं. त्यामुळे शाळेत 'इंग्रजांनी सुरतेला वखार काढली' वाचलं तेव्हा मला वाटलेलं की हे गोरे एवढ्या लांबून सागवान विकायला आले. हसू नका, चौथी-पाचवीपर्यंत खरंच तसं वाटायचं.

मागच्या सुट्टीत वेंगुर्ल्याला गेलो तेव्हा तिथली डच वखार बघितली. झाडंझुडपं माजलीत, पडझड झालीय, पण उभं राहून बघितलं की हे गोदाम कमी आणि गढी जास्त वाटतं. मिरी आणि कापड ठेवायला एवढा बंदोबस्त कशाला, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे.

घरी आल्यावर आज्ञापत्र, म्हणजे मराठी राज्यकारभारावरचा तो जुना ग्रंथ, परत काढलं. रामचंद्रपंत अमात्यांचं, १७१५ च्या आसपासचं. त्यात सावकारांबद्दलचं प्रकरण आहे, आणि त्यात फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार असे सगळे टोपीकर वेगळे काढलेत. (वलंदेज म्हणजे डच, डिंगमार म्हणजे डेन्मार्कवाले, काय एकेक शब्द आहेत!) अमात्यांचं म्हणणं साधारण असं, की हे लोक सावकारी करतात खरे पण बाकीच्या सावकारांसारखे नाहीत, प्रत्येकाच्या मागे एकेक राजा उभा आहे, आणि एकदा हातात आलेली जागा मेले तरी सोडणार नाहीत. म्हणून वखारीला जागा द्यायचीच झाली तर समुद्रकिनारी किंवा खाडीच्या तोंडाशी देऊ नका, आत दोनचार कोसांवर सखल जागी द्या, आणि पक्की इमारत बांधू देऊ नका.

आता माझा प्रश्न. १७१५ ला एवढं स्वच्छ कळत होतं, तर १७५६ ला आपणच इंग्रजांना बरोबर घेऊन विजयदुर्गला आपलंच, म्हणजे आंग्र्यांचं मराठी आरमार का जाळलं? कळतं पण वळत नाही म्हणतात ते हेच का? जाणकारांनी लिहा. मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही, बँकेत नोकरी करतो.

---

मिरजेचा_तंबोरा | रविवार, रात्री ११.०५

मस्त धागा. वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

शमा_कुलाबा | रविवार, रात्री ११.३२

जाळलं हे खरं, पण 'आपणच' या शब्दात बरंच काही आहे. तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचं अजिबात पटत नव्हतं. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हता, पेशव्यांच्या मुलखातही त्याचा उपद्रव होता. कान्होजींच्या मुलांमध्ये आधीच भाऊबंदकी, मानाजी एकीकडे, तुळाजी दुसरीकडे. पेशव्यांच्या नजरेतून तो बंडखोर सरदार होता आणि मुंबईकर इंग्रज हे भाड्याने मिळणारं आरमार. १७५५ च्या मार्चमध्ये करार झाला, पेशव्यांकडून कोकणचा सुभेदार रामाजी महादेव. एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेऊन दिला. स्वस्तात काम झालं असं पुण्यात वाटलं असणार.

मग १७५६ चा फेब्रुवारी. वॉटसन नावाचा ॲडमिरल आरमार घेऊन आला, त्याच्याबरोबर जमिनीवरच्या फौजेला कोण होता? रॉबर्ट क्लाइव्ह. तोफांच्या माऱ्यात आंग्र्यांची जहाजं एकाला एक लागून पेटली आणि कित्येक वर्षांत बांधलेलं आरमार बघता बघता खाक झालं. तुळाजी मराठ्यांच्या छावणीत जाऊन बोलणी करत होता तेवढ्यात इंग्रजांनी घाईने किल्ल्यात शिरून निशाण लावलं. आत जी लूट सापडली ती, साधारण दहा लाख रुपये, इंग्रजांनी आपसात वाटून घेतली, पेशव्यांच्या माणसांना दमडी दिली नाही. किल्लाही लगेच सोडला नाही. ऑक्टोबरात पुण्याला तह झाला, बाणकोट आणि आजूबाजूची गावं घेतली आणि मग विजयदुर्ग परत दिला. अमात्यांनी 'हातात आलेली जागा' म्हटलं होतं ना, तेच.

तुळाजी उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत.

---

बोरूबहाद्दर | सोमवार, सकाळी ७.१५

आणि पुढचं सांगायचं राहिलं शमाताई. तेच वॉटसन, तोच क्लाइव्ह, तिथून मद्रासला गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बंगालकडे निघाले. २ जानेवारी १७५७ ला कलकत्ता परत घेतलं, २३ जूनला प्लासी. म्हणजे विजयदुर्ग ते प्लासी पुरते दीड वर्षसुद्धा नाही. आपण शाळेत हे दोन वेगवेगळ्या धड्यांत शिकतो म्हणून ध्यानात येत नाही.

धागाकर्त्याच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की त्यांना कळत होतं, पण जे कळत होतं ते जुनं होतं. टोपीकर किनाऱ्यावर जागा बळकावतील इथवर बरोबर ओळखलं होतं. पण टोपीकर आपल्याच भांडणात भाड्याने लढतील, मग ज्याच्या बाजूने लढले त्यालाच बिल लावतील, बिल फेडता आलं नाही की महसूल मागतील, हे गणित तोवर कुणी बघितलंच नव्हतं. जमीन घेणारा चोर माहीत होता, उधारीवर राज्य घेणारा नव्हता.

---

गंमतजंमत | सोमवार, सकाळी ९.४०

आपल्या जुन्या कागदांत कंपनीला 'कुंपणी' लिहायचे ना. कुंपणानेच शेत खाल्लं, अजून काय.

---

मिरजेचा_तंबोरा | सोमवार, सकाळी ९.४४

@गंमतजंमत दंडवत घ्या 😂

---

हेग_मधली_माधवी | सोमवार, दुपारी २.२०

वलंदेजांच्या देशातून नमस्कार! मी इथे अकरा वर्षं राहतेय. वेंगुर्ल्याच्या वखारीवरून लिहावंसं वाटलं कारण इथे बसून ती गोष्ट फार वेगळी दिसते.

डच कंपनी, इथे फे-ओ-से म्हणतात, १६०२ ला निघाली. शेअर कुणीही घेऊ शकत होतं आणि ते ॲमस्टरडॅममध्ये विकले-घेतले जायचे, आजचं शेअर मार्केट म्हणतो त्याची ती सुरुवातच. पण सनदेत व्यापाराचा मक्ता होता तसे तह करायचे, किल्ले बांधायचे, सैन्य ठेवायचे हक्कपण होते. म्हणजे भागधारक इथे घरी बसून डिव्हिडंडची वाट बघणार आणि तिकडे त्यांच्या पैशाने तोफा चालणार.

जायफळ आणि जायपत्री तेव्हा जगात फक्त बांदा बेटांवर व्हायची, आताच्या इंडोनेशियात, नकाशात शोधायला भिंग लागेल इतकी छोटी बेटं. तिथल्या लोकांनी कंपनीशी करार केले (किंवा करायला लावले) की जायफळ फक्त तुम्हालाच विकू. पण ते इंग्रजांना, जावाच्या व्यापाऱ्यांना पण विकत राहिले, कारण डच भाव कमी देत आणि तांदूळ, कापड यांसारख्या जगायला लागणाऱ्या गोष्टी नीट आणतही नव्हते. १६२१ ला यान पीटरसझोन कून मोठं आरमार घेऊन गेला. बेटावरच्या ४४ प्रमुखांना, त्यांना ओरांग काया म्हणायचे, पकडलं आणि कंपनीने भाड्याने आणलेल्या जपानी सैनिकांकडून त्यांची डोकी उडवली. बेटांवर साधारण पंधरा हजार लोक होते असा अंदाज सांगतात, उरले हजारभर. बाकी मेले, उपाशी मेले, गुलाम म्हणून नेले किंवा होड्यांतून पळाले. मग जमिनीचे तुकडे पाडून डच मळेवाल्यांना दिले आणि राबायला बाहेरून गुलाम आणले. सगळं जायफळासाठी. आपण श्रीखंडात किसून घालतो ते.

पळालेले काही लोक काई नावाच्या बेटांवर पोचले आणि त्यांचे वंशज आजही तिथे दोन गावांत बांदाची जुनी भाषा बोलतात. ज्या बेटाची ती भाषा, तिथे आता ती कुणी बोलत नाही. प्रतिकार म्हणजे फक्त तलवार असं आपण धरतो, पण चारशे वर्षं भाषा टिकवणं हेही काही कमी नाही.

होर्न गावात त्या कूनचा पुतळा आहे, १८९३ चा. मी मुलाच्या शाळेच्या सहलीबरोबर गेले होते. २०१२ पासून खाली पाटी आहे त्यात त्याने काय केलं तेपण लिहिलंय, पण पुतळा जागेवर. २००६ मध्ये इथले पंतप्रधान संसदेत म्हणाले होते की आपल्यात ती 'फे-ओ-से मनोवृत्ती' परत यायला हवी, धडाडी या अर्थाने. केवढा गदारोळ झाला होता तेव्हा!

---

खाडीकाठचा | सोमवार, संध्याकाळी ६.५०

माधवीताई, सुन्न झालो वाचून. आमच्याकडे जायफळाची चार झाडं आहेत.

---

एकच_प्याला_चहा | सोमवार, रात्री ८.३०

थोडं उलट बोलू का, मारू नका. मला वाटतं आपण मागे वळून बघताना सगळं ठरवून केलेलं समजतो. लंडनमधले डायरेक्टर बिचारे पत्रांतून सारखं सांगत असत की खर्च कमी करा, लढाया करू नका, नफा पाठवा. पत्र पोचायला सहा महिने, उत्तराला अजून सहा. इकडचे लोक मनाला येईल ते करत. राज्य हे अपघाताने गळ्यात पडलं, असंही म्हणता येईल की नाही?

---

बोरूबहाद्दर | सोमवार, रात्री ९.१२

अपघात वाटेत होतो, हे लोक वाट शोधत होते. जोशाया चाइल्डचं नाव ऐकलंय? लंडनमध्ये कंपनीचा कर्ताधर्ता. त्याच्या काळात १६८६ ला कंपनीने चक्क औरंगजेबाविरुद्ध युद्ध काढलं, आणि त्याच सुमाराच्या डायरेक्टरांच्या पत्रांत भारतात कायमचं, भक्कम इंग्रजी राज्य उभं करायची भाषा आहे. १६८६! प्लासीच्या सत्तर वर्षं आधी.

त्या वेळी दात पाडून घेतले ही गोष्ट वेगळी. बादशहाच्या बाजूने सिद्दी याकूतखान मुंबईत उतरला, १६८९-९० मध्ये बहुतेक बेट त्याच्या ताब्यात, इंग्रज किल्ल्यात कोंडलेले. शेवटी बादशहापुढे गुडघे टेकून माफी मागितली, दीड लाख रुपये दंड भरला, तेव्हा व्यापाराची परवानगी परत मिळाली. म्हणजे इच्छा आधीपासून होती, ऐपत नंतर आली. ज्या मुंबईसाठी इंग्लंडच्या राजाला कंपनी वर्षाला दहा पौंड भाडं देत होती (१६६८ पासून), तिथली ही हालत.

---

एकच_प्याला_चहा | सोमवार, रात्री ९.२०

बरं. अर्धा मुद्दा मागे घेतो 🙂 अर्धा राहू द्या.

---

पन्हाळकर_काका | सोमवार, रात्री ११.०१

सगळे १७५६ धरून बसलेत, शंभर वर्षं मागं जावा की.

१६६० ला सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा होता, महाराज गडावर. त्यावेळी राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन तोफा-दारूगोळा घेऊन जौहरच्या मदतीला आला, आणि नुसता माल विकून गेला न्हाई, इंग्रजी निशाण लावून गडावर गोळे टाकले. आता सांगा, हा व्यापारी काय? महाराज ते विसरले न्हाईत. १६६१ ला राजापूर मारलं, वखार लुटली, रेव्हिंग्टन आणि बाकीचे धरून नेले. दोन वर्षं कैदेत हुते. त्यांनी सुरतेला रडगाणं लिवलं की कंपनीसाठी आम्ही भोगतोय, सोडवा. तर सुरतेच्या वरिष्ठांनी काय उत्तर धाडलं म्हायतीय का, की तुम्ही कंपनीचा माल राखताना धरले गेला न्हाईत, पन्हाळ्याला जाऊन सगळ्यांना ओळखू येणारं निशाण लावून गोळे टाकलेत त्याचं हे फळ. कंपनीनं हात झटकले! नफा झाला तर कंपनीचा, अंगाशी आलं तर तुमचं तुम्ही.

आणि नुकसानभरपाईचं घोंगडं किती वर्षं भिजत ठेवलं बघा, राज्याभिषेकापर्यंत. १६७४ ला हेन्री ऑक्झेंडन रायगडला आला तो ह्याच कामाला, राज्याभिषेक बघितला ते जाता जाता. दहा हजार होन द्यायचं ठरलं. पण त्या करारातली दोन कलमं महाराजांनी वगळली ती वाचण्यासारखी हायती. एक, इंग्रजांची नाणी स्वराज्यात चालवावीत. महाराज म्हणाले नाण्याला आमची मनाई न्हाई, पण रयतेनं तोटा सोसून ते घ्यावं अशी सक्ती करणार न्हाई. दुसरं, फुटून किनाऱ्याला लागलेली जहाजं आणि माल परत द्यावा. ते म्हणाले कोकणच्या रिवाजात ते बसत न्हाई, तुम्हाला दिलं की फ्रेंच, डच बी मागतील. म्हणजे दुसऱ्याच्या नाण्याला सक्तीनं आपल्या बाजारात आणलं की काय हुतं, हे त्या वक्ताला वळखलं हुतं. आजकाल अर्थशास्त्रातल्या डिग्र्या घेऊन बी कळत न्हाई.

---

नांगर_आणि_शीड | मंगळवार, सकाळी ६.३०

काकांना +१.

आरमाराची बाजू थोडी. १६७९ ला महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला, मुंबईच्या बरोबर तोंडाशी. इंग्रज घाबरले, आरमार पाठवलं. पण मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या छोट्या होड्या उथळ पाण्यातून रात्री सामान पोचवत राहिल्या आणि इंग्रजांची जडशीळ जहाजं वारा पडला की जाग्यावर. 'डव्ह' नावाचं एक जहाज तर मराठ्यांनी धरलंच. पुढच्या वर्षी तह करून इंग्रज गप्प.

मग कान्होजी. इंग्रजी पुस्तकांत ते चाचे. आता गंमत बघा, पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून अरबी समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला त्यांचा परवाना घ्यायला लावत, नाही घेतला तर जहाज जप्त. इंग्रज त्यांचे पास देत. कान्होजींनी तेच केलं, की माझ्या किनाऱ्यावरून जायचंय तर माझं दस्तक घ्या, तर ते चाचे! दुसऱ्याने केलं तर कायदा. मुंबईचा गव्हर्नर बून याने १७१७ ला विजयदुर्गवर, १७१८ ला खांदेरीवर हल्ला केला, १७२१ ला पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर. तिन्ही फसले. १७२९ ला कान्होजी गेले तोवर त्यांना समुद्रावर कुणी हरवलं नव्हतं. म्हणून १७५६ लागतं ते जास्त.

---

शांतिनिकेतनी_जावई | मंगळवार, सकाळी ११.४५

बायको बंगाली, सासर बर्दमानचं, त्यामुळे मला इथे जरा अवघड जागचं बोलायचंय.

आपण म्हणतो बंगालच्या सेठसावकारांनी देश विकला, जगतशेठने प्लासीला पैसा पुरवला वगैरे. पुरवला, खरंय. पण १७४१ ते १७५१ दहा वर्षं बंगालवर कुणाच्या स्वाऱ्या होत होत्या? नागपूरकर भोसल्यांच्या. तिकडे या मराठा स्वारांना बर्गी म्हणतात. सासूबाईंनी माझ्या मुलीला झोपवताना बर्गी येतील म्हणून अंगाई म्हटली आणि मग माझ्याकडे बघून हसल्या, काय सांगू. त्या काळात पश्चिमेकडचे व्यापारी, विणकर पळून कलकत्त्यात येत, कारण तिथे कंपनीच्या तोफा होत्या. मराठ्यांच्या भीतीने १७४२ ला कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला, नावच मराठा डिच. तो अर्धवट राहिला आणि पुढे बुजवून त्याच्यावर सर्क्युलर रोड झाला. म्हणजे कंपनीकडे लोक गेले ते सगळे लोभाने नाही, काही जीव वाचवायला गेले. हे आपल्या हिशेबात धरलं नाही तर कंपनी एवढी कशी वाढली ते कधीच कळणार नाही.

आणि गेलेल्यांना काय मिळालं तेही सांगतो. १७६५ ला शाह आलमकडून बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी, म्हणजे सारा वसूल करायचा हक्क, मिळाली. तोवर कंपनी इंग्लंडहून चांदी आणून माल विकत घेत होती, आता बंगालच्या शेतकऱ्याचाच सारा घेऊन त्याच पैशाने बंगालचाच माल घ्यायचा. पाच वर्षांत १७७० चा दुष्काळ. बंगालचा तिसरा हिस्सा मेला असं तेव्हापासून म्हटलं जातं. आणि १७७१ ची वसुली दुष्काळाआधीच्या १७६८ पेक्षाही जास्त, हे वॉरन हेस्टिंग्जने स्वतः लंडनला कळवलंय. मेलेल्याचा सारा शेजाऱ्याकडून. ज्यांच्याकडे हरवायला काही उरलं नाही ते संन्यासी आणि फकीर झाले, म्हणजे आधीचे होतेच, त्यांच्यात जाऊन मिळाले. मजनू शाह वगैरे फकीर कंपनीच्या खजिन्यांवर, कचेऱ्यांवर कित्येक वर्षं छापे घालत होते.

---

सूत_आणि_धागा | मंगळवार, दुपारी १२.३०

विणकरांचे अंगठे इंग्रजांनी कापले तेपण लिहा ना कुणीतरी.

---

बोरूबहाद्दर | मंगळवार, दुपारी १.५०

ते जरा जपून. विल्यम बोल्ट्स म्हणून कंपनीचाच माजी नोकर, त्याने १७७२ ला कंपनीविरुद्ध पुस्तक लिहिलं, त्यात अंगठ्यांचा उल्लेख आहे. पण तिथे असं आहे की कच्चं रेशीम उकलणाऱ्या कारागिरांनी स्वतःच स्वतःचे अंगठे कापून घेतले, म्हणजे सक्तीने रेशीम उकलायला बसवता येऊ नये. पुढे सांगोवांगी त्याचं 'इंग्रजांनी मलमल विणणाऱ्यांचे अंगठे तोडले' झालं.

मला विचाराल तर मूळची गोष्ट जास्त भयंकर आहे. गुमास्ता, म्हणजे कंपनीचा माणूस, यायचा, आगाऊ रक्कम हातात कोंबायचा, कागदावर सही-अंगठा घ्यायचा, भाव तोच ठरवणार, दुसऱ्याला विकलं तर शिपाई दारात बसणार नि फटके मारणार. त्यातून सुटायला माणूस स्वतःचं पोट ज्यावर चालतं तेच कापून टाकतो.

---

एकच_प्याला_चहा | मंगळवार, दुपारी ३.१०

उरलेला अर्धा मुद्दापण मागे.

माझ्या आयडीला शोभेल अशी भर घालतो. एवढी लूट करूनही कंपनी १७७२ ला बुडायला आली होती! बंगाल पिळून झालेला, लष्कराचा खर्च अफाट, लंडनच्या गोदामात चहा पडून. सरकारने १४ लाख पौंडांचं कर्ज दिलं, बदल्यात रेग्युलेटिंग ॲक्टची वेसण घातली. आणि पडलेला चहा खपवायला १७७३ ला कायदा केला की कंपनी थेट अमेरिकेत स्वस्तात चहा विकेल. तिकडच्या लोकांना वाटलं, आज चहाचा मक्ता, उद्या सगळ्याचा, बंगालचं काय केलं ते त्यांच्या वर्तमानपत्रांत येतच होतं. १६ डिसेंबर १७७३, बॉस्टन, ३४२ पेट्या समुद्रात. म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या ठिणगीतली थोडी बंगालच्या दुष्काळाची. कधी जोडूनच बघितलं नव्हतं.

---

संपादक_मंडळ | मंगळवार, संध्याकाळी ५.००

आजच्या कंपन्या आणि सध्याच्या राजकारणावरचे चार प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढावा. चर्चा छान चालू आहे, चालू द्या.

---

अजिंक्यताऱ्याखाली | मंगळवार, रात्री १०.१५

दोन दिवस नुसता वाचत होतो. साताऱ्याचा असल्याने रंगो बापूजींचं नाव कुणीतरी काढेल म्हणून वाट बघितली, कुणी काढत नाही म्हटल्यावर लॉगिन केलं.

छत्रपती प्रतापसिंह महाराजांना १८३९ च्या सप्टेंबरात कंपनीने गादीवरून काढलं, कटाचे आरोप ठेवून, नीट चौकशीसुद्धा नाही. त्यांना काशीला नेऊन ठेवलं. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते, भोर भागातल्या कारी गावचे. हे गृहस्थ बाजू मांडायला विलायतेला गेले आणि थोडीथोडकी नाही, जवळपास चौदा वर्षं राहिले. १८५३ ला परत.

तिथे गाऱ्हाणं कुणापुढे मांडायचं? हा माझ्या मते या सगळ्या धाग्याचा गाभा आहे. राजाने अन्याय केला तर राजापुढे जाता येतं. इथे अन्याय करणारी कंपनी, आणि कंपनीचं डोकं म्हणजे लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरची इमारत, आणि त्यात भागधारकांची सभा. शेअर असणारे लोक सभेत बोलणार, मत देणार, आणि शिवाजी महाराजांच्या वंशजाची गादी राहावी की जावी ते ठरवणार. तो जॉर्ज थॉम्पसन, गुलामगिरीविरुद्ध भाषणं करणारा, त्या सभेत साताऱ्याच्या बाजूने बोलत असे. खासदार जोसेफ ह्यूमही बाजूने होते. रंगो बापूजी पत्रकं छापत होते, लोकांना भेटत होते, अर्जावर अर्ज. प्रत्येक वेळी मतं कमी पडली.

दरम्यान १८४७ ला महाराज काशीलाच वारले. १८४८ ला डलहौसीने सातारा खालसा केलं. रंगो बापूजी तरी तिथेच, अजून पाच वर्षं. कुणासाठी, कशाच्या जोरावर, देव जाणे. मी एका ऑफिसात साध्या फाईलीसाठी चार हेलपाटे घातले तर माझं डोकं फिरतं हो.

परत आल्यावर मात्र त्यांनी अर्ज लिहिणं सोडलं. १८५७ ला साताऱ्यात उठावाची तयारी केली, फितुरी झाली, धरपकड झाली. गेंडामाळावर ज्यांना मारलं, फाशी, तोफेच्या तोंडी, गोळ्या, त्यात त्यांचा मुलगा सीतारामपंत होता. रंगो बापूजी स्वतः निसटले आणि नंतर कुणालाच सापडले नाहीत.

आमच्याकडे शहरात 'चार भिंती' नावाच्या ठिकाणी त्यांच्या नावाने स्मारक आहे. संध्याकाळी पोरं तिथे सेल्फी काढतात, मीपण काढलेत.

---

पन्हाळकर_काका | मंगळवार, रात्री १०.५०

व्वा. हे लिवायला पाहिजे हुतं कुणीतरी. १८४४ ला आमच्याकडे गडकऱ्यांनी बी उठाव केला हुता, सामानगड, भुदरगड. गडाची पिढ्यान्‌पिढ्याची चाकरी आणि तिच्या जमिनी गेल्यावर काय करतील. त्या आधी उमाजी नाईक, पुरंदरचा रामोशी, गडाची राखण गेली वतन गेलं म्हणून उठला, ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फाशी. एकजण वकील होऊन विलायतेला गेला, एकजण कुऱ्हाड घेऊन डोंगरात. दोघांचं भांडण एकाच सावकाराशी.

---

हेग_मधली_माधवी | बुधवार, पहाटे २.३० (तुमच्याकडे)

झोपताना एक शेवटची खुपलेली गोष्ट. १८३३ च्या कायद्याने इंग्रज कंपनीचा व्यापार पूर्ण बंद केला. म्हणजे त्यापुढे ही कंपनी काही विकत नाही, काही आणत नाही, फक्त राज्य करते. पण भागधारकांना साडेदहा टक्के डिव्हिडंड चालूच, तोपण भारताच्या महसुलातून. १८५८ ला राज्य राणीकडे गेलं तरी डिव्हिडंड चालू. कंपनी विसर्जित झाली १ जून १८७४ ला. रंगो बापूजींच्या विरुद्ध मत देणाऱ्यांच्या पोरांनापण तो पोचला असेल, आणि त्यात सातारच्या शेतकऱ्याचे चार आणे असणारच.

आमचे वलंदेज बरे, १७९९ लाच कर्जात बुडाले.

---

खाडीकाठचा (धागाकर्ता) | बुधवार, रात्री ९.०५

सगळ्यांचे आभार, मला वाटलं होतं दोनचार प्रतिसाद येतील.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं म्हणवत नाही, पण प्रश्नच चुकीचा विचारला होता हे कळलं. मी विचारलं 'आपण' का जाळलं. आणि बर्गी म्हणजेपण आपण, तुळाजी आपण, नानासाहेब आपण, जौहरच्या छावणीतले मराठेपण आपणच. बँकेत बसून मला एवढं समजतं की कर्ज घेणारा कधी बँक बघत नाही, आपली नड बघतो. पुण्याला आरमाराची नड होती, दारात एक माणूस आरमार घेऊन उभा होता.

रविवारी विजयदुर्गला जायचं ठरवतोय, पोरांना घेऊन. जहाजं जळाली ती जागा नक्की कुठली ते कुणी सांगेल का? आणि काही बघण्यासारखं आहे का किल्ल्याशिवाय?

---

नांगर_आणि_शीड | बुधवार, रात्री ९.४८

किल्ल्याच्या आतल्या अंगाला, वाघोटनच्या खाडीत. किल्ल्यावरून पूर्वेला बघितलं की ते पाणी दिसतं. पण तिथेच थांबू नका, गिर्ये-रामेश्वरच्या बाजूला आंग्र्यांची जुनी गोदी आहे, जहाजं डागडुजीला घ्यायची ती. पाटी-बिटीच्या भरवशावर राहू नका, रामेश्वरच्या देवळापाशी कुणालाही विचारा. आणि निघायच्या आधी भरतीचं वेळापत्रक बघा, ओहोटीला जा म्हणजे दगडी बांध पूर्ण दिसतो. पोरांच्या पायात चपला असू द्या, कालवं लागतात.